काळ्या मातीतली पहिली परसबाग : वापसा येईपर्यंत खुरपं खाली ठेवा

इंदूरजवळच्या हातोदच्या पुढं, देपालपूरच्या वाटेवर आमचा चाळीस बाय साठ फुटांचा तुकडा आहे. एका कडेला दोन खोल्या, त्यापुढं ओटला आणि बाकी सगळी मोकळी काळी माती. इंदुरात बाल्कनीतल्या कुंड्या वीस वर्षं सांभाळल्यामुळं मला वाटत होतं की बाग करणं हा आपल्या डाव्या हाताचा मळ. पहिल्याच आषाढात तो मळ कोपरापर्यंत चढला.

झालं असं की दोन दिवस उघडीप मिळाली, तशी मी, आमचे हे आणि एक मजूर असे तिघं कुदळी घेऊन उतरलो. माती लोण्यासारखी लागत होती. आम्ही खूश. संध्याकाळपर्यंत चार वाफे ओढले, भेंडी पेरली, पपईची सहा रोपं लावली. मग आठ दिवस ऊन पडलं आणि आम्ही तुडवलेल्या त्या लोण्याची फरशी झाली. भेंडीचा कोंब वर यायला जागाच नव्हती. पुन्हा झड लागली तेव्हा पाणी त्या फरशीवर तुंबून राहिलं आणि पपया बुडाशी कुजून एकेक करून आडव्या झाल्या. शेजारच्या शेतातले पटेलदादा बांधावर उभे राहून सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई साब, माटी को पहले सूखने दो, फिर हाथ लगाना."

ओली माती चिकटायची थांबून कामाला जोगी होते, त्यालाच मराठीत वापसा म्हणतात. शब्द लहानपणापासून कानावरचा होता, पण हाताला तो पन्नाशी उलटल्यावर कळला. इंदूर-देवास-उज्जैन पट्ट्यात कुणी गावाकडं छोटी जागा घेऊन परसबाग करणार असेल, तर त्यानं बियाणांच्या पाकिटांआधी ही एक गोष्ट शिकावी. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

आधी छत्री घेऊन फिरा

जागा ताब्यात आली की लगेच खणू नका. जमल्यास एक पावसाळा नुसता बघण्यात घालवा. तेवढा धीर नसेल तर निदान एका मोठ्या पावसात छत्री घेऊन सगळीकडं फिरा. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, कुठून बाहेर जातं ते पाहा आणि जिथं डबकं होतं तिथं काठी रोवून ठेवा. ती काठी रोवलेली जागा भाजीची नाही, अळूची आणि केळीची.

दुसरं, ऊन. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी अशा फळभाज्यांना दिवसाकाठी सहा तास तरी थेट ऊन हवं. पालेभाज्या, पुदिना, अळू यांचं तीन-चार तासांवर भागतं. आपण जागा बहुधा मे महिन्यात बघतो. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सगळीकडं ऊनच ऊन दिसतं. डिसेंबरात तो दक्षिणेकडं इतका कलतो की दहा फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा साधारण दहा फूट उत्तरेला पडते, आणि भाजीचा खरा हंगाम तर हिवाळाच. म्हणून वाफे घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्यावेत. उत्तरेची पट्टी खताचा ढीग, नळ, पुदिना आणि रोपांच्या मांडवासाठी ठेवावी.

पाण्याचा सोर्स मे महिन्यात तपासा. "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" ही म्हण आपण इंदूरकर पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं ऐकवतो, पण जागा विकणाराही तीच ऐकवत असतो. अक्षयतृतीयेनंतर बोअर किती वेळ धार टिकवतो, ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारावं.

मातीशी ओळख

माळव्याची काळी माती श्रीमंत आहे, पण मानी. पाणी मिळालं की तिच्यातली चिकण फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जमिनीत चप्पल रुतून बसते. फुगल्यावर तिच्यात हवेला जागा उरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून आमच्या पपया पाण्यात उभ्या राहून गुदमरल्या.

निचरा किती आहे हे पाहायला एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. एकदा पाणी भरून मुरू द्या, मग परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच असेल तर सपाट वाफ्यांचा विचार सोडा. सिमरोल-मानपूरच्या बाजूला घाटाकडं जाल तशी माती उथळ होते, खाली मुरूम लागतो आणि निचरा बरा असतो. तिकडं अडचण उलटी, पाणी टिकत नाही. हातोद-देपालपूर-सांवेरकडं मात्र कुदळ जाईल तिथवर काळंच काळं.

एकदा माती तपासून घ्या. इंदूरला कस्तूरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करता येते. नमुना घेताना वरचा पाचोळा बाजूला करून पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे सहा इंच खोल खड्डे करायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र कालवून अर्धा किलो सावलीत वाळवून द्यायची. खत टाकलेल्या जागेतली किंवा झाडाखालची माती नको.

काळी माती मुळातच थोडी विम्लधर्मी असते. म्हणून व्हिडिओत पाहून राखेची घमेली किंवा चुना ओतू नका, ते आंबट मातीचं औषध आहे. आपल्याकडं लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाहीये असं समजावं. राख घालून हे दुखणं वाढतं. दुसरा मोह रेतीचा. "चिकण आहे ना, मग रेती मिसळा," असं सगळेच सांगतात. घरगुती बेतानं टाकलेल्या चार पाट्या रेतीनं काळी माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते. तिच्यावर इलाज एकच, कुजलेलं खत. तेही दरवर्षी.

वापसा कसा ओळखायचा

पाऊस थांबल्यावर तीन-चार इंच खालची मूठभर माती घ्या. वरची नको, ती फसवते. मूठ दाबा आणि उघडा. गोळा झाला, अंगठा फिरवल्यावर चकाकला आणि बोटांना शाईसारखा चिकटला, तर घरी जाऊन चहा प्या. गोळा झाला, पण बोटानं टोचताच चार ठिकाणी फुटून रव्यासारखा मोकळा झाला, तर वापसा आला. गोळाच होत नसेल, नुसती ढेकळं आणि भुकटी हातात येत असेल, तर वापसा निघून गेला. आता हलकं पाणी देऊन एक-दोन दिवस थांबायचं. खुरप्यालाही विचारता येतं. खुरपं मातीत घालून ओढलं आणि पातं स्वच्छ बाहेर आलं तर काम सुरू, चिखल माखून आलं तर नाही.

काळ्या मातीत हा वेळ फार थोडा मिळतो. पावसाळ्यात कधी दोन दिवस, कधी एकच सकाळ. म्हणून रोपं, खत, दोरी, खुंट्या सगळं आधी तयार ठेवायचं आणि वापसा आला की त्या दिवशीची बाकीची कामं सोडायची. आमच्याकडं एकदा नेमका भिशीच्या दिवशी वापसा आला. भिशीला निरोप धाडला.

वाफे

खणायचं चैत्र-वैशाखात. हे शहरातून आलेल्याला उलटं वाटतं, कारण तेव्हा जमीन दगड झालेली असते. पण शेतकरी उन्हाळी नांगरट उगाच करत नाही. सब्बल आणि कुदळीनं फूटभर खोल ढेपा उलटून ठेवा, फोडत बसू नका. ऊन त्यांना भाजतं, हुमणीच्या अळ्या उघड्या पडून बगळ्या-साळुंक्यांच्या पोटात जातात, आणि पहिले दोन पाऊस पडले की त्याच ढेपा आपोआप विरघळून रवाळ होतात. मजुराचे चार दिवस वाचतात.

मग पहिल्या वापशाला गादीवाफे करायचे. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोचतो. लांबी दहा फूट, उंची आठ ते बारा इंच. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. वाटेतली माती उचलून वाफ्यावर टाकली की वाट आपोआप खोलगट होते आणि पावसात तीच चर बनते. या चरांचा उतार त्या काठी रोवलेल्या डबक्याकडं काढा. वाफ्यावर पाय ठेवायचा नाही, नातवंडांनी तर नाहीच. आमच्याकडं वाटेत जुन्या कडाप्प्याचे तुकडे टाकले आहेत, म्हणजे चिखलातही पाय कुठं ठेवायचा ते कळतं.

पहिल्या वर्षी असे चारच वाफे करा. हे मी आग्रहानं सांगते. चाळीस बाय साठची जागा दिसली की माणूस बावीस भाज्यांची यादी करतो आणि श्रावणात तण कमरेपर्यंत येतं. चार वाफे म्हणजे एकशे वीस चौरस फूट. दोघांच्या घराला पालेभाजी आणि एखादी फळभाजी पुरते, वर शेजाऱ्यांना कोथिंबीर वाटता येते.

दर वाफ्यावर दोन इंच जाडीचं कुजलेलं खत पसरून वरच्या सहा इंचांत मिसळा. तीन बाय दहाच्या वाफ्याला साधारण दहा घमेली लागतात, चार वाफ्यांना चाळीस. एवढं खत विकत आणण्यापेक्षा घरी केलेलं बरं.

खत : इंदूरचं, जगाला गेलेलं

कंपोस्टची जी रीत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच गावातली, आणि ते आपल्यालाच ठाऊक नसतं. १९२४ साली होळकर संस्थानाच्या जागेवर इथं वनस्पती उद्योग संस्था निघाली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ पर्यंत तिथं काम करून ही रीत बसवली. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपण तरी घ्यावं.

घरगुती बेतानं ती अशी होते. चार बाय चार फुटांची उंचवट्यावरची जागा घ्या. पावसाळ्यात खड्डा करू नका, त्याचं टाकं होतं. उन्हाळ्यात दोन फूट खोल खड्डा चालतो, पाणी कमी लागतं. तळाशी तुरीच्या काड्या किंवा जाड फांद्या घाला, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर सहा इंच सुकं : सोयाबीनचं भूस, गव्हाचं काड, पाचोळा, तण (बी धरण्याआधीचं). त्यावर दोन इंच हिरवा ओला कचरा. त्यावर शेणाचा पातळ काला शिंपडा, आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती मिळाली तर ती दोन-तीन ओंजळी. ती मिळाली तर सोनं समजा. चुलीतली राख मूठभर, एवढ्यानं काही बिघडत नाही. असे थर साडेतीन फुटांपर्यंत चढवा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी हवी. मुठीत दाबल्यावर पाणी गळलं तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

ढिगात एक लोखंडी सळई खुपसून ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती काढून हात लावा. धरवणार नाही इतकी गरम झाली, तर ढीग चालू झाला. थंडच राहिली तर ओल किंवा शेण कमी पडलंय. सोळाव्या दिवशी पहिल्यांदा पालटायचा, दुसऱ्यांदा महिन्यानं, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. तीन महिन्यांत काळंभोर, पावसाळी जंगलाच्या वासाचं खत होतं आणि ढीग निम्म्याहून खाली बसतो. चार वाफ्यांपुरतं हिशेबात बसतं.

ताजं शेण सरळ वाफ्यात घालू नका. त्याच्या मागून उधई आणि हुमणी दोन्ही येतात. गावात "घ्या ना बाई, ट्रॉलीभर पडलंय" असं म्हणून जे देतात ते बहुतेक वरून वाळलेलं आणि आतून हिरवं असतं. घ्यावं, पण ढिगात घालावं.

पाणी आणि आच्छादन

चार वाफ्यांना थंडीत दिवसाला दोन-तीन बादल्या, मे महिन्यात पाच-सहा बादल्या पाणी लागतं, असा ढोबळ हिशेब धरा. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड खोल पाणी दिलेलं चांगलं. काळी माती पाणी धरून ठेवते, वरून सुकी दिसली तरी खाली ओल असते. बोट घालून बघायचं, मग नळ उघडायचा.

शनिवार-रविवारीच गावाला जाणार असाल तर ठिबक लावाच. पाच-सहा फूट उंच ओट्यावर पाचशे लिटरची टाकी, तोंडाशी जाळीचा फिल्टर, मग १६ मिलिमीटरची नळी आणि दर सव्वा-दीड फुटावर ड्रिपर. एवढ्या छोट्या जागेला टाकीच्या उंचीचा दाब पुरतो. फिल्टर दर आठवड्याला धुवा, बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात. दोन खोल्यांचं चारशे चौरस फुटांचं छत असेल तर एक सेंटिमीटर पावसात साडेतीनशे लिटरांवर पाणी उतरतं. पन्हळ लावून ते टाकीत घ्या, क्षार नसलेलं पाणी रोपांना मानवतं.

भांडी विसळलेलं पाणी अळू-केळीकडं सोडावं. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र नको, या मातीत आधीच क्षार पुरे आहेत. आणि कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला यातलं कुठलंच नको.

आच्छादनासाठी सोयाबीनचं भूस माळव्यात हाताशी असतं. ऑक्टोबरात मळणी झाली की गोण्या भरून ठेवा. दोन-तीन इंचाचा थर द्या, पण खोडापासून चार बोटं लांब. भेगा पडत नाहीत, वापसा जास्त दिवस टिकतो. श्रावणाच्या झडीत हेच आच्छादन गोगलगाईंचं माहेर होतं, तेव्हा बाजूला ओढून ठेवायचं.

कुंपण

भाजी उगवायच्या आधी कुंपण. शेजारची गाय एकदा येते आणि महिन्याचं काम पाच मिनिटांत संपवते. रोजडे म्हणजे नीलगायी रात्री येतात, त्यांना पाच-सहा फूट उंच जाळी लागते. जाळीच्या आतून दोन-दोन फुटांवर करवंदं लावा. तीन वर्षांत काटेरी भिंत होते आणि लोणच्याची सोयही. वानरांवर माझ्याकडं खात्रीचा उपाय नाही. जिथं त्यांच्या टोळ्या फिरतात तिथं मिरची, हळद, आलं, लसूण, अळू यांवर भर द्यावा.

पावसाळ्यात गवत कापलेलं ठेवा, ढिगाशी हात घालताना आधी काठी घाला, अंधारात टॉर्च आणि बूट. धामण दिसली तर राहू द्या, उंदीर तिच्यामुळं आटोक्यात असतात. साप चावलाच तर झाडफुंकीत वेळ न घालवता सरळ मोठं रुग्णालय.

काय आणि केव्हा

मृग लागला म्हणजे पाऊस आला असं माळव्यात नसतं, जूनचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत वाट पाहावी लागते. चांगला पाऊस होऊन वापसा आला की भेंडी (बी रात्रभर भिजवून, एक ते दीड फुटावर), गवार, चवळी, आणि कुंपणालगत दोडकी, गिलकी, कारली. वेलांना मांडव लवकर करा, जमिनीवर लोळलेलं फळ सडतं. भुट्टे एका ओळीत लावू नका, चौकोनी ठोक्यात चार ओळी लावा. परागकण वाऱ्यानं पडतात, एका ओळीत कणसं बोडकी राहतात. घरचा भुट्ट्याचा कीस करायचा तर एवढं पाहावं लागतं.

गराडू आवर्जून लावा. कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद, थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, तळून जिरावण मसाला आणि लिंबू मारून खातो तोच. पावसाच्या सुरुवातीला दीड फूट खोल खड्डा करून निम्मा खतानं भरायचा, डोळा असलेला तुकडा राखेत घोळवून लावायचा आणि वेल जाळीवर सोडून द्यायचा. पानं पिवळी पडून वेल वाळला की खणायचा. सोलताना हाताला तेल लावा, खाज सुटते.

हिवाळी हंगाम खरा आपला. नवरात्रात टोमॅटो, वांगी, फ्लॉवर यांची रोपं वाफ्यावर जायला हवीत. म्हणजे टोमॅटोचं बी त्याआधी पंचवीस-तीस दिवस, मिरचीचं पस्तीस-चाळीस दिवस टाकलेलं हवं. रोपं उंचशा ट्रेमध्ये, विरळ. दाट पेरली की बुडाशी बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात. टोमॅटो-वांगी दोन-दोन फुटांवर. सुरुवातीला ते अंतर फार मोकळं दिसतं आणि मधे काहीतरी खुपसायचा मोह होतो. तिथं मेथी टाका, टोमॅटो पसरेपर्यंत ती उपटून खाऊन होते.

मेथी, पालक, कोथिंबीर एकदम सगळी पेरू नका. दर बारा-पंधरा दिवसांनी हातभर पट्टी पेरा. धणे चपलेनं हलके रगडून दोन दले वेगळी करा, अख्खे टाकले तर निम्मे उगवत नाहीत. बटला म्हणजे मटार दिवाळीच्या मागंपुढं, लसूण त्याच सुमारास पाकळ्या चार-चार इंचांवर, टोक वर करून. गाजर काळ्या मातीत दुशिंगी होतं, हौस असेल तर खत जास्त घातलेल्या उंच वाफ्यात करा. मुळा त्यापेक्षा समजूतदार.

उन्हाळ्यासाठी संक्रांतीनंतर, फेब्रुवारीत भेंडी, काकडी, दुधी, तांदुळजा. एप्रिलपासून निम्मं ऊन अडवणारी पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी ताणा. मे महिन्यात निम्मी बाग बंद ठेवली तरी काही बिघडत नाही, त्या वाफ्यांना ऊन खाऊ द्या.

झाडं मोजून

एवढ्या जागेत आंबा लावू नका. मलाही वाईट वाटतं, पण दहा वर्षांत सगळ्या वाफ्यांवर त्याचीच सावली येते. एक लिंबू, एक पेरू, एक कढीपत्ता, दोन पपया, कोपऱ्यात शेवगा, सांडपाण्यावर केळ, आणि नळाजवळ गवती चहा. बस. खड्डे मे महिन्यात दोन फुटांचे करून उन्हात तापवा, माती-खत भरून जमिनीच्या वर फूटभर उंचवटा करा आणि जुलैच्या वापशाला त्या उंचवट्यावर लावा. पपईला तर उंचवटा हवाच, तिच्या बुडाशी एक दिवस पाणी उभं राहिलं तरी ती धरत नाही.

लिंबाचं कलम घेतलं तर सांधा मातीच्या वर ठेवा आणि त्याच्या खालून येणारा फुटवा लगेच खुडा. आमच्याकडं एक जोरदार फुटवा आला, काटे मोठे, पानं टवटवीत. मी कौतुकानं वाढवला. दोन वर्षांनी कळलं की तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या झाडाचा, जंबेरी आहे आणि वरचं लिंबू उपाशी मेलंय. रोपवाटिकेचा दोष नव्हता, माझाच होता.

कीड आणि थंडी

सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यांवरून फिरणं ही अर्धी फवारणी आहे. पानं उलटून बघा. वांग्याचा शेंडा मान टाकून असेल तर आत अळी आहे, तो चार बोटं खालून कापून पाण्याच्या डब्यात टाका. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते, औषध नाही, झाड उपटून दूर पुरा. दोडकी-कारली वाकडी होऊन सडत असतील तर फळमाशी. खाली पडलेलं एकही फळ तसंच ठेवू नका आणि गंधसापळा टांगा.

मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर बसणारे बारीक किडे, त्यांच्यासाठी निंबोळी. जून-जुलैत कडुलिंबाखाली सडा पडतो, गोळा करून गर धुवून बिया सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम बिया भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच हात गारठले, की त्या रात्री पाळ्याची, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीची, भीती असते. टोमॅटो, वांगी, पपई यांची पानं सकाळी उकडल्यासारखी काळी दिसतात. अशा संध्याकाळी वाफ्यांना हलकं पाणी द्या, ओली माती रात्री कमी थंड होते. रोपांवर जुन्या साड्या टाका, पण काठ्यांवर ताणून, पानांना टेकणार नाहीत अशा. सकाळी ऊन आलं की काढायच्या. पाळा लागलेल्या फांद्या लगेच छाटू नका, पंधरा दिवस थांबा. बुडातून नवा फुटवा येतो तिथवर कापा.

फेब्रुवारीत भेंडी पेरायच्या आधी बियांची बाटली निघते. त्यासाठी आदल्या श्रावणातच सगळ्यात दणकट झाडाला लाल दोरा बांधून त्याच्या दोन शेंगा तोडायच्या नाहीत, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. शेंगा झाडावरच वाळून खुळखुळायला लागल्या की काढायच्या, बी चार दिवस सावलीत ठेवायचं, राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरायचं आणि झाकणावर महिना लिहायचा. संकरित वाणाचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी कसं निघेल सांगता येत नाही. आमच्याकडची भेंडी पटेलदादांनी दिलेल्या गावठी बियांची आहे, पाच शिरांची, जरा बुटकी.